नानांचा घोळणा आणि खिशातला कांदा

मंडळी, धरणगावहून आत्ताच घरी आले. दुपारी लग्नाच्या पंगतीत माझ्या काकांचा, नानांचा, घोळणा फुटला, नाकातून भळाभळा रक्त यायला लागलं. या उन्हाळ्यात सारखाच फुटतोय म्हणे.

"ऊन लागनं!" म्हणत चौघांनी त्यांना आडवं केलं. ऊन लागू नये म्हणून नानांनी खिशात ठेवलेला कांदा फोडून नाकाशी धरला. रक्त घशात उतरलं आणि नाना ठसकायला लागले. मी ओरडलेच. त्यांना उठवून बसवलं, मान पुढे झुकवली, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत दाबून धरला. तेव्हा थांबलं.

तरी दवाखान्यात नेलंच. प्रेशर भलतंच वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, "कोरड्या हवेने नाक आतून सुकतं, फुटतं. पण प्रेशर वाढलं की रक्त लवकर थांबत नाही. गोळी घेता ना?"

नाना शांतपणे म्हणाले, "ती बंद करी दिधी. उन्हाळामा गोळी गरम पडस, म्हनीसन तर नाकमाईन रगत येस."

म्हणजे घोळणा फुटू नये म्हणून यांनी प्रेशरची गोळीच सोडली होती! घरात कुणाला पत्ता नाही.

तुमच्याकडेही कुणाला गोळी "गरम पडते" का? आज जेवताना बघा. "गोळी घेतली का?" असं विचारू नका, नानाही रोज हो म्हणायचे. गोळ्यांचं पाकीट दाखवायला सांगा, किती उरल्यात ते मोजा.