नव्या टायरांना लावलेला चिखल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्राबरोबर मी रोज सकाळी फिरायला जातो, ज्याला माझ्या रक्तातल्या साखरेचा आकडासुद्धा तोंडपाठ आहे, त्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्ही मला मध्येच थांबवून "जाऊ दे रे, होतं असं" म्हणणार नाही म्हणून. तसं कुणी म्हटलेलं मला आता नको आहे.

सुरुवात गाडीच्या टायरांपासून करावी लागते. विषय किरकोळ वाटेल. मलाही बरेच दिवस तो किरकोळच वाटत होता — निदान तसं मी स्वतःला सांगत होतो.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी धारवाडला एका सरकारी खात्यात आहे, घर हुबळीच्या वाटेवर, नवनगरला. कुठलीही वस्तू घेताना मी फार चिकित्सा करतो. कुकरची शिट्टी बदलायची असली तरी तीन दुकानं पालथी घालणार. माझी बायको म्हणते, ह्यांना भोपळा आणायला पाठवलं तर आधी समिती नेमतील. घरात यावरून माझी भरपूर थट्टा होते आणि खरं सांगायचं तर मला ती आवडते. माणूस काटकसरी आहे, विचारी आहे — असाच तिचा अर्थ होतो ना? या नावलौकिकाचा मी कसा उपयोग केला, तेच सांगायचं आहे.

माझ्या आईला एकच बहीण होती, तिच्याहून मोठी. आई तिला अक्का म्हणायची, म्हणून आम्ही मुलं अक्कामावशी. खानापूरच्या पलीकडे एका खेड्यात ती राहायची. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बाबांच्या सारख्या बदल्या होत असताना माझी शाळा बुडू नये म्हणून मला तिच्याकडे ठेवलं होतं. म्हणजे मी वाचायला शिकलो ते तिच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी बसून. हे सांगायला नको होतं का? सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात अक्कामावशी न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याला मार लागला. शेजारच्या पार्वतीबाईंचा फोन आला की बाई भिंतीला धरून कशाबशा उठतात, पण एकट्या राहण्यासारख्या राहिलेल्या नाहीत. आई तिथल्या तिथे म्हणाली, तिला इकडे घेऊन येऊ. माझ्याकडे बघून म्हणाली. आणि बायको लगेच म्हणाली, हो, आणू या की.

म्हणजे नको होतं ते फक्त मला.

काय आलं माझ्या मनात? आमचं घर दोन खोल्यांचं आणि हॉलचं. मुलगी बारावीला. तिच्या खोलीत मावशीची खाट जाणार, मुलगी हॉलमध्ये येणार, माझा संध्याकाळचा टीव्ही बंद. मग भांडं द्यायचं, कपडे बदलायचे, औषधाचा वास, भेटायला येणाऱ्यांची रीघ. आणि किती दिवस? हा प्रश्न मला सगळ्यात आधी पडला, हे सांगायला नको वाटतं. पण पडला होता. ज्या बाईने मला आंघोळ घालून शाळेत पाठवलं, ती अजून किती दिवस जगेल, असं मी मनात मोजत होतो.

नाही म्हणायची हिंमत नव्हती. आईसमोर तोंड उघडायचं कसं? मग मी म्हणालो, "गाडीच्या टायरांचा गोटा झालाय. आधी ते बदलतो, मग आणू तिला."

ते खरं होतं — त्या दिवशी खरं होतं. टायर घासून अगदी गुळगुळीत झाले होते. खुबा दुखावलेल्या म्हातारीला बसमधून आणणं शक्य नव्हतं, आणि भाड्याची गाडी करू या असं बायको म्हणाली तेव्हा मी म्हणालो, अनोळखी ड्रायव्हरच्या हाती अशा माणसाला द्यायचं का? सगळ्यांना पटलं. आई तर म्हणाली, बरोबर आहे, पावसाचे दिवस आहेत.

मग मी टायर बघायला लागलो. कोप्पीकर रोडवरच्या मोठ्या दुकानात गेलो, तिथे चहा मिळाला आणि भाव ऐकून मी उठलो. जुन्या हुबळीत एका गल्लीत वापरलेले टायर विकतात, तिथे गेलो. घासलेल्या टायरवर नवं रबर चढवून देणारा एक जण भेटला, त्याच्याकडे अर्धा दिवस काढला. टायरच्या कडेवर चार अंक कोरलेले असतात, त्यावरून तो कुठल्या वर्षी, कितव्या आठवड्यात बनला ते कळतं, हे मी तेव्हा शिकलो. दुकानात नवाकोरा दिसणारा टायरही कधीकधी चार वर्षं नुसता पडून असतो, आणि तसा असेल तर भाव पाडता येतो. रोज संध्याकाळी चहा पिताना मी हे सगळं आईला सांगायचो. ती मन लावून ऐकायची. तिला टायरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आपल्या बहिणीसाठी मुलगा एवढा फिरतोय, याचं तिला कौतुक होतं. त्या दिवसांत मी तिच्या नजरेत फार चांगला होतो.

मग एकदा मुलीला क्लासहून आणताना उणकलच्या उतारावर गाडी घसरली. ब्रेक दाबला तरी थांबेना, आडवी झाली आणि दुभाजकाला टेकून उभी राहिली. आम्हाला काही झालं नाही. पण मुलीचा पांढरा पडलेला चेहरा बघून मी दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून लवकर निघालो, आणि इतके दिवस घासाघीस करत होतो त्याच दुकानात जाऊन, मधल्या भावाचे, चांगले, त्याच वर्षी बनलेले चारही टायर घालून घेतले. दुकानदार म्हणाला, "सर, शेवटी घेतलात बघा." मुलीसाठी मला एक दिवसही लागला नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आमच्या घरी गाडीला काहीही नवं आलं की आई हळदकुंकू लावते, चाकाखाली लिंबू ठेवते, मगच गाडी पुढे न्यायची. त्या संध्याकाळी मी घरी येईपर्यंत ठरवलं होतं — किंवा ठरवलं नव्हतं, नुसताच गाडी चालवत होतो. घराच्या अलीकडे एक रिकामा प्लॉट आहे. पावसात तिथे चिखल असतो. मी गाडी थांबवली, खाली उतरलो, आणि हाताने चिखल घेऊन चारही टायरांना फासला. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, रंगीत पट्टे असतात, ते सगळे झाकले जाईपर्यंत फासला. नळाखाली हात धुऊन घरात गेलो. आईने विचारलं, आज काय झालं? मी म्हणालो, अजून मनासारखे मिळत नाहीत.

एवढंच करून मी थांबलो असतो तर? पण नंतरही पाऊस कमी झाला की मी मधूनमधून चिखल लावत राहिलो. सरकारी नोकरीतला, डोक्यावर टक्कल पडलेला माणूस, रिकाम्या प्लॉटमध्ये उकिडवा बसून नव्या टायरांना चिखल लावतोय. कुणी बघितलं असतं तर वेड लागलंय म्हटलं असतं. कुणी बघितलं नाही.

एकदा अक्कामावशीनेच फोन केला. मला वाटलं, आता विचारणार, कधी येतोस म्हणून. पण तिचा आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाली, "विनू, घाई करू नको हं. टायर चांगले बघूनच घे. माझ्यापायी स्वस्तातले घालू नको, तुझी पोरंबाळं बसतात गाडीत."

मी हो म्हणालो. तब्येतीला जप म्हणालो. फोन ठेवला आणि जेवायला बसलो. जेवलोही.

भाद्रपदात एके दिवशी सकाळी पार्वतीबाईंचा फोन आला. अक्कामावशी पहाटे गेली होती. झोपेतच. गावातली माणसं जमली होती, तिच्या दिराचा मुलगा बेळगावहून निघाला होता. आभाळ भरून आलं होतं, म्हणून फार वेळ ठेवणार नव्हते, पण बहिणीसाठी थांबतो म्हणाले. लवकर या म्हणाले.

मुलीची परीक्षा होती, म्हणून बायको घरी थांबली. आई नेसत्या लुगड्यावर येऊन गाडीत बसली. पुढे, माझ्याशेजारी. तिने दार लावलं आणि मला विचारलं, "जाईल ना रे गाडी? टायर चालतील ना?"

आता तरी सांगायचं. नाही का? त्या क्षणी एका वाक्यात सांगता आलं असतं — आई, टायर नवे आहेत, कधीच घातलेत. तिने मला काहीही म्हटलं असतं, थोबाडीत मारली असती, तरी मी गाडी दामटली असती आणि आम्ही वेळेवर पोचलो असतो. मी म्हणालो, "जाईल. सावकाश नेतो."

आणि मी खरोखरच सावकाश नेली.

हेच मला सांगायचं होतं. टायर, चिखल, ते सगळं कदाचित कधीतरी कुणाला हसत हसतही सांगता आलं असतं. हे नाही. बेळगावच्या त्या रुंद रस्त्यावर, नव्या टायरांवर, मी बैलगाडीसारखी गाडी चालवली. कारण जोरात चालवली असती तर आईला कळलं असतं की गाडी जोरात जाऊ शकते. मग ती इतके दिवस का गेली नाही, हे तिने विचारलं असतं. ट्रक आम्हाला मागे टाकत होते, खानापूरची बसही पुढे गेली. कित्तूरच्या पुढे आम्ही मोठा रस्ता सोडला, तेव्हा पार्वतीबाईंनी फोन करून कुठे पोचलात म्हणून विचारलं. आईने फोन ठेवला. मग म्हणाली, "थोडी जोरात जाईल का रे?"

मी म्हणालो, "आई, टायर."

"हो, हो," ती म्हणाली. "सावकाशच चल." आणि पदराचं टोक हातात घेऊन रस्त्याकडे बघत बसली.

आम्ही पोचलो तेव्हा ओसरी मोकळी होती. जमीन नुकतीच सारवलेली. पार्वतीबाई आईला मिठी मारून म्हणाल्या, आत्ताच नेलं बघा, पाऊस यायला लागला, आम्ही खूप थांबलो. आईला पुढे जाता येण्यासारखं नव्हतं, त्या गावात बायका स्मशानात जात नाहीत. ती तिथेच भिंतीला टेकून बसली. मला म्हणाली, "तू पळ. तू तरी बघ तिला."

मी पळालो. मलप्रभेच्या काठी पोचलो तेव्हा अग्नी दिला होता. वर पत्रे होते, धूर पत्र्यांखाली कोंडला होता. मला लाकडं दिसली, आणि पांढऱ्या कापडाची एक कड. माणसांनी मला पुढे जागा करून दिली, कारण मी तिच्या बहिणीचा मुलगा होतो. मी पुढे गेलो नाही.

परत आलो तेव्हा आई त्याच जागी होती. तिने विचारलं, "भेटली?" मी हो म्हणालो. "कशी दिसत होती?"

"शांत," मी म्हणालो. "झोपल्यासारखी. तोंडावर काही त्रास दिसत नव्हता." आणखी काय सांगावं सुचेना, तर म्हणालो, कपाळाला विभूती होती. आई रडायला लागली आणि मला तिला जवळ घ्यावं लागलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. पुढच्या रविवारी मी बायपासवर गाडी धुऊन घेतली, घरी आणली आणि म्हणालो, टायर घातले. आईने ताट आणलं. खाली वाकून चारही चाकांना हळदकुंकू लावलं. उठताना माझा खांदा धरला आणि म्हणाली, तू तरी किती फिरलास रे. मी नारळ फोडला.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. स्मरण चांगलं आहे. कुणी नातेवाईक आले की अक्काचा विषय निघतो. माझा विनू तिला आणायला किती धडपडला, ते ती सांगते. तसल्या टायरांवर पावसात जिवावर उदार होऊन मला घेऊन गेला, हेही सांगते. परवा धारवाडहून तिची एक मैत्रीण आली होती. मी चहा घेऊन गेलो तेव्हा आई तिला सांगत होती, अक्काच्या तोंडावर काही त्रास नव्हता, झोपल्यासारखी दिसत होती, कपाळाला विभूती होती. आता ते ती स्वतः बघितल्यासारखं सांगते. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "होय की नाही रे?"

मी ट्रे खाली ठेवला आणि होय म्हणालो.