उंबरमाळची दहावी चूल

पोलादपुराहून घाटाच्या अंगाला निघालं की दोन कोसांवर खालचा गाव लागतो, आणि तिथून दीड तासाची छाती फोडणारी चढण चढलं की उंबरमाळ. डोंगराच्या खांद्यावर विखुरलेली वीस केंबळी, गवती छपरांची घरं, नाचणी-वरीचे उतार, थोडी गुरं-शेरडं आणि एक झरा, तोही चैत्रात आटणारा. देवानं माणसाला इथं राहायला का सांगितलं, हे त्यालाच विचारावं.

एके काळी विसाही घरांतून धूर निघायचा. मग मानमोडीच्या साथीनं पाच घरं रिकामी केली आणि उरलेल्यांतली दहा मुंबईनं. मेलेल्यांचं निदान श्राद्ध तरी घालता येतं. मुंबईला गेलेल्यांचं काय करायचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

गेलेल्यांच्या किल्ल्या ठमाबाईच्या कमरेला असायच्या. जाणारा माणूस तिच्या दारात यायचा, "शिमग्याला येतंव गो काकी," म्हणायचा आणि किल्ली तिच्या हातात ठेवायचा. ती दर अमावास्येला ती घरं उघडून झाडायची, वाळवी बघायची, तुळशीला तांब्याभर पाणी घालायची. तिचा नवरा चांगू मानमोडीतच गेला. एकुलता एक मुलगा सहदेव मुंबईला गोदीत होता आणि चार शिमगे त्यानं तोंड दाखवलं नव्हतं.

शिमगा आला की देवीची पालखी खालच्या गावातून उंबरमाळ चढायची आणि जिथं चूल पेटते त्या प्रत्येक अंगणात नाचायची. पण आता खालच्यांचे खांदे दुखू लागले होते. "पाच चुलींसाठी देवीला एवढी चढण?" असं दोन वर्षं कुजबुजत होते, आणि यंदा मानकऱ्यानं बोलूनच दाखवलं, "सरकारची शिरगनती होतेय. तीत उंबरमाळच्या धा चुली निघाल्या तर पालखी चढंल. नायतर तुमी खाली या नि ओटी भरा." देवीचा मान आता सरकारच्या कागदावर ठरणार होता!

तेवढ्यात सहदेवचा निरोप आला. "पालखी आपल्या अंगनात येनार असंल तर औंदा येतो. नायतर रजा कशाला फुकट घालवू?" पोराचे शब्द ठमाबाईला लागले. पण येतो म्हणाला होता, आणि ती तेवढंच धरून बसली.

पाच चुली जळत होत्या, पाच जाळायच्या होत्या. एकोणीसशे एकतीस सालच्या पौषात खालच्या गावात नव्यानं आलेला मास्तर घरांवर गेरूनं आकडे घालायला येणार असं कळलं. मास्तरचा नियम साधा होता: चूल पेटती असेल ते घर, नसेल ते नुसत्या भिंती. ठमाबाईनं केरूला गाठलं. केरू वाडीतला सगळ्यांत म्हातारा, त्याचं घर सगळ्यांत वर.

"मास्तरानं इचारलं, तर सांग, मानसं गुरांमागं गेल्यात."

"खोटं बोलू?" केरू म्हणाला.

"देवीसाठी बोलतंस. तिला ठावं हाय."

केरूनं मान डोलावली. त्याचाही नातू मुंबईलाच होता.

ठरल्या दिवशी मास्तर दुपारी खालून येईल, असा सगळ्यांचा हिशेब. ठमाबाई उजाडताच उठली, आपली चूल परतल्यावर पेटवू म्हणून तिच्यातला सगळा विस्तव खापरात भरला, गोवऱ्यांची पाटी डोक्यावर घेतली आणि वरच्या घरापासून सुरुवात केली. कुलूप काढायचं, चुलीत गोवऱ्या रचायच्या, निखारा ठेवून फुंकायचं, दार लोटून पुढचं घर. चार घरांतून धूर निघाला. इतक्या वर्षांनी त्या छपरांतून धूर येताना पाहून तिला खोटं आठवेना, घरं जागी झाल्यासारखी वाटली, आणि ती दोन क्षण उभी राहून रडली.

पाचवं घर रायबाचं, तिच्या घराच्या जरा वर. तिथल्या गोवऱ्या ओलसर निघाल्या. उरलेला सगळा निखारा तिनं त्यात घातला आणि फुंकत बसली. इकडे मास्तर आदल्या दिवशी डोंगरमाथ्यावरच्या धनगरवाड्यात वस्तीला राहिला होता. तो सकाळीच, आणि वरून, उतरला. केरूनं सांगितलं ते ऐकून घेतलं, धूर दिसेल त्या दारावर गेरूचा आकडा काढला आणि थेट रायबाच्या दारात येऊन उभा राहिला.

गोवऱ्यांनी नेमका तेव्हाच पेट घेतला होता.

"बाई, घर कुणाचं?"

ठमाबाईच्या हातात रिकामं खापर होतं. 'इस्तू मागाय आलेय शेजारनीकडं,' एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं; वाडीतली बाई दिवसातून चारदा विस्तव मागायला शेजारी जाते, त्यात मास्तरला काय कळणार? पण सवयीचं नसलेलं खोटं ऐन वेळी दगा देतं. ती म्हणून गेली, "माजंच."

"घरात कोण?"

"मी येकलीच."

मास्तरनं नऊचा आकडा काढला. वाडीतली बाकीची तीन धुराची घरं त्यानं आधीच उरकली होती. मग त्यानं खाली बोट केलं. "आणि ते? त्याला धूर नाही."

ठमाबाईनं आपल्या घराकडे पाहिलं. तिथली चूल तिनंच रिकामी केली होती. माझंच आहे म्हणावं, तर इथला आकडा खोटा. एका बाईला दोन चुली कुठून येणार? हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलेली ती बाई हातातलं रिकामं खापर पदराखाली लपवू लागली.

"बाई, विचारतोय मी. तिथली माणसं कुठं आहेत?"

"मुंबैला," ती म्हणाली.

"येतात का कधी?"

"नाय. कुनी येत नाय."

मास्तरनं कान खाजवला, वहीत 'बंद' लिहिलं आणि उतरून गेला. नऊ घरं. ठमाबाई त्याच्या मागे पाणंदीपर्यंत धावली, पण हाक मारायला तोंड उघडलं की पाच खोट्या चुली आधी बाहेर येणार होत्या, आणि त्यांच्यापायी केरूलाही मान खाली घालावी लागली असती. ती परत फिरली.

शिमग्याला पालखी चढली नाही. ढोल खालीच वाजला आणि वर वाऱ्यावर तुटक तुटक ऐकू आला. सहदेव आला नाही. खालच्या गावचा एक माणूस मुंबईहून आला होता, त्यानं निरोप आणला, "पालखी वर नाय, मग रजा पुढल्या साली घेईन म्हनाला."

"बरं," ठमाबाई म्हणाली.

त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. वरच्या रिकाम्या घरांच्या दारांवर गेरूचे आकडे चांगले ठसठशीत दिसत होते. ती आपल्या कोऱ्या दारासमोर किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन बसली. मास्तरनं 'बंद' लिहिलं ते चुकीचं नव्हतं, असं तिला हळूहळू वाटू लागलं होतं.