बुटकी शेगडी
शेजारच्या फार्महाऊसवरून कोंबडी भाजल्याचा वास आला की मला मुरबाडचा बाजार आठवतो. मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदा जेवायला येणार होती, म्हणून आमी दोघं भाजायची शेगडी घ्यायला गेलो होतो. मी उंच पायांची चकचकीत शेगडी उचलली. बायको दुकानातच खाली फतकल मारून बसली. म्हणाली, "अवो, हिच्याभोवती तुमी बाप्ये उभे राहून खाल, आन् मी आत चुलीपुढं धूर खात बसू? बुटकी घ्या. सगळी भोवती बसू. मला पण तुमच्यात जेवायचंय." दुकानदार हसला, पण आमी बुटकीच घेतली. त्या दिवशी ती पाहुण्यांत माझ्या शेजारी बसली, तंगडी खाल्ली, बोटं चाटली. आता शेगडी पेटली की पोरं मला खुर्ची देतात. मी खालीच बसतो, आणि शेजारी तिच्या जागेवर कोणाला बसू देत नाय.