जागा अत्यंत शांत

ब्याऐंशी सालची गोष्ट. कामगारांच्या गाण्याच्या स्पर्धेची शेवटची फेरी पहिल्यांदाच टीव्हीवर दिसणार होती. ती नागपूरला घ्यायची की पिंपरी-चिंचवडला, एवढंच ठरायचं राहिलं होतं. एरवी नागपूरचं नाव निघालं की धम्मदीक्षेच्या आठवणीनं कोंडीराम हात जोडायचा. या खेपेला मात्र त्याला नागपूर नको होतं. त्याची बायको कस्तुरा वस्तीतल्या बायकांच्या संचात पुढं उभी राहून गायची, आणि तिच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. लांबचा प्रवास करायचा नाही आणि पुढच्या वर्षाचं मला विचारू नका, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. म्हणजे स्पर्धा इथं आली तर कस्तुरा गाणार, नाहीतर संपलंच.

देव पाण्यात घालायची सोय नव्हती. घरात देवच नव्हते. मग कोंडीरामनं जिवाचं रान केलं. पुढाऱ्यांचे उंबरे झिजवले, रजा टाकून वस्तीमागचं मैदान झाडलं, आणि अर्जात ठसठशीत लिहवून घेतलं: जागा अत्यंत शांत.

जागा बघायला टीव्हीवाले आले. त्यांच्या ध्वनिमुद्रकानं माइक लावला, कानांवर हेडफोन चढवले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय धडधडतंय?"

"कुठं काय?" माणसं एकमेकांकडे बघायला लागली. भिंतीपलीकडच्या कारखान्यात हॅमर पंधरा वर्षं लोखंड ठोकत होता. वस्तीला तो ऐकूच येईनासा झाला होता. कोंडीराम तर त्या हॅमरवरच कामाला.

"रविवारी बंद असेल ना? स्पर्धा रविवारी आहे," टीव्हीवाल्यांचे साहेब म्हणाले.

"आमची सुट्टी गुरुवारची, साहेब," शेजारचा भीमराज ओशाळून म्हणाला.

कोंडीरामच्या तोंडचं पाणी पळालं. "मग गुरुवारी घ्या की, साहेब! पाया पडतो!" तो ओरडला. हॅमरवरची माणसं ओरडूनच बोलतात, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. वार वरूनच ठरलेला होता.

"हिचं गाणं तरी ऐका!"

कस्तुरा धापा टाकत उठली आणि गायला लागली. कोंडीराम रोजच्यासारखा तिच्या ओठांकडे बघत मान डोलवत होता. अडचण त्याला कळावी म्हणून ध्वनिमुद्रकानं आवाज मोठा केला आणि हेडफोन त्याच्या कानांवर ठेवले.

धाड्. धाड्. आणि त्यात कस्तुरा.

कोंडीराम जागचा हलेना. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "अगं, सा वर्सांनी ऐकतोय मी तुला!"

कस्तुराचा सूर तुटला. हॅमरनं त्याचे कान केव्हाच खाल्ले होते, आणि नोकरी जाईल या भीतीनं त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. रोज सरावाला समोर बसून "झकास!" म्हणणाऱ्या त्या माणसाकडे ती बघत राहिली.

साहेब जीपकडे निघाले. ध्वनिमुद्रकानं हेडफोन काढायला हात पुढं केला, तेव्हा कस्तुरा छाती दाबून म्हणाली, "दादा, नागपूरला न्या तुमची स्पर्धा. पर एवढं गाणं हुईस्तोवर ते ऱ्हाऊ द्या त्यांच्या कानाला."