आमच्या बी.एड.चा रेडिओ

त्याच्या मोबाईलचा स्क्रीन कायम काळा असायचा. लातूरच्या आमच्या बी.एड. कॉलेजात पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याला काळजीनं सांगितलं, "सर, तुमचा फोन बंद पडलाय." तो म्हणाला, "बंद न्हाई, मी पडदा लावून ठेवलाय. मला दिसत न्हाई, मग तुम्हाला तरी काहून दाखवू? बॅटरी वाचती." आणि त्या काळ्या काचेवरून बोट फिरवत त्यानं आमच्यादेखत घरी फोन लावला. आईला म्हणाला, "पोचलो. माणसं चांगली हायेत, पण लई काळजी करून राहिलेत."

त्याचा फोन स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवायचा, तेही इतक्या वेगानं, की आम्हाला नुसती किरकिर ऐकू यायची. त्याला मात्र शब्द न् शब्द कळायचा. वर्गात, पायरीवर, कँटीनमध्ये ती किरकिर कानाशी धरूनच तो असायचा. म्हणून त्याचं नाव रेडिओ पडलं. नाव ठेवल्याचं त्याला वाईट वाटेल म्हणून आम्ही आठवडाभर लपवलं, तर त्यानंच एके दिवशी विचारलं, "मला नुसतं रेडिओ म्हणता, का पुढं सर पण लावता?"

रेडिओ अर्धापूरजवळच्या एका खेड्यातला. घरी केळीची बाग. दहावीपर्यंत त्याला बऱ्यापैकी दिसायचं. मग अंधारात दिसेना, मग कडेचं दिसेना, आणि बारावी होईस्तोवर सगळंच गेलं. हे तो केळीच्या बागेवर रोग पडल्याचं सांगावं तितक्याच सरळ आवाजात सांगायचा. "मी जग पाह्यलेलं हाय," म्हणायचा, "फक्त माझ्याकडचं थोडं जुनं हाय." शिक्षक व्हायचं त्यानं दिसत होतं तेव्हाच ठरवलं होतं आणि ते बदलायचं काही कारण त्याला सापडलं नव्हतं.

माझी-त्याची गाठ पडली ती हजेरीपटामुळे. लागोपाठच्या क्रमांकांच्या जोड्या करून सराव पाठ घ्यायचे होते. एकानं शिकवायचं, दुसऱ्यानं मागच्या बाकावर बसून निरीक्षण लिहायचं. बी.एड.ला सगळेच एकमेकांना सर आणि मॅडम म्हणतात, तसा तोही मला महिनाभर "मॅडम, तुम्ही" म्हणत होता. मग एक दिवस म्हणाला, "मॅडम लई झाल्या इथं, आवाज लगेच कळत न्हाईत. तू कंधारची ना? मी तुला कंधारच म्हणतो." तेव्हापासून मी कंधार.

कॉम्प्युटरच्या खोलीत तो माऊस उचलून बाजूला ठेवायचा आणि फक्त कीबोर्डवर काम करायचा. आम्ही बाण शोधत बसायचो तोवर याची फाईल उघडून, नाव देऊन, जतन होऊन झालेली असायची. कीबोर्डवरच्या अर्ध्या युक्त्या मी त्याच्याकडून शिकले. फोनमधल्या आणि कॉम्प्युटरमधल्या त्या आवाजाला तो 'बाई' म्हणायचा. बाईंना 'ळ' नीट म्हणता यायचा नाही, जोडाक्षरं आली की त्या ठेचकाळायच्या. आम्ही हसलो की त्याला आवडायचं नाही. "परक्या मुलखातून आल्यात बिचाऱ्या," तो म्हणायचा. "पण लिहिलंय तेवढंच वाचतात. मनानं काही घालत न्हाईत."

दुसऱ्या वर्षी आम्हाला प्रत्येकाला एक पाठ प्रोजेक्टर वापरून घ्यायचा होता. आमच्या इतिहासाच्या मॅडम त्याला म्हणाल्या, "तुम्ही दुसरं काही घ्या. तक्ता घ्या, प्रतिकृती घ्या. मी सांभाळून घेईन." चांगल्या मनानंच म्हणाल्या त्या. तो म्हणाला, "मॅडम, उद्या शाळेत पडदा असंल तर पोरांना काय सांगू, माझ्या तासाला गुंडाळून ठेवा?" मॅडमनी यादीत त्याच्या नावापुढं 'प्रोजेक्टर' लिहिलं.

त्यानं गावातल्या जुन्या व्यवसायांवर पाठ बसवला. बाईंच्या मदतीनं चित्रं शोधली, नावं देऊन ठेवली, बारा स्लाइड केल्या. क्रम पाठ केला. शिकवताना बाईंना कानात घ्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. बटण किती वेळा दाबलं ते मोजत जायचं. आदल्या दिवशी पेनड्राइव्ह माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "एकदा नजर घाल."

मी नजर घातली. स्लाइड साध्या होत्या, पांढऱ्यावर काळी अक्षरं. मला वाटलं, फार उघडंबोडकं दिसतंय, लोक कीव करतील. खरं सांगायचं तर कीव मलाच आली होती. मी सुरुवातीला फुलांच्या नक्षीचं एक पान टाकलं, त्यामागे पाठाच्या उद्दिष्टांचं एक पान टाकलं, आणि त्याला काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी छान झाल्यावर सांगू, असा विचार होता.

शाळेत सातवीच्या वर्गावर पाठ सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला मला माझी चूक कळली. तो बटण बरोबर मोजत होता, पण माझ्या दोन पानांमुळे पडदा त्याच्या दोन पावलं मागे चालला होता. तो म्हणाला, "आता ही कुंभारीण पाहा, किती नाजूक हातानं मडकं थापून राहिली." पडद्यावर खांद्यावर घण घेतलेला मिशाळ लोहार उभा होता. सगळा वर्ग फुटला. मुलांना कुंभारीण आवडली असं समजून तोही हसला आणि पुढे निघाला. मुलं आणखी हसली. मी मागच्या बाकावर निरीक्षणाची वही धरून बसले होते. उठून सांगावं तर पाठ मोडेल, आणि त्याहून खरं म्हणजे माझी चोरी उघडी पडेल. मी उठले नाही. शेवटी मॅडमनी शेरा लिहिला, 'निवेदन आणि चित्रे यांचा मेळ नाही.'

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "पोरं का हसली? मेळ का न्हाई बसला?"

"कॉम्प्युटर अडकत होता," मी म्हणाले.

"हाव का," तो म्हणाला. एवढंच.

संध्याकाळी त्यानं होस्टेलवर बाईंकडून ती फाईल पहिल्यापासून वाचून घेतली. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या पायरीवर माझी वाट पाहत उभा होता. मी "काय रेडिओ" म्हणाले, तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही चौदा स्लाइड केल्या. माझ्या बारा होत्या."

परत 'मॅडम' आणि परत 'तुम्ही' ऐकून मला रडूच आलं. मी म्हणाले, "चांगलं दिसावं म्हणून केलं."

"ते माझ्या ध्यानात आलं. चुकलं तर चुकलं, त्याचं काही न्हाई. पण मी विचारलं तव्हा तुम्ही कॉम्प्युटरवर आळ घातला. माझ्याकडं डोळे न्हाईत, मी दुसऱ्याच्या सांगण्यावर चालतो. तुम्ही खोटं सांगितलं तर मी कुणाला विचारू?"

चार दिवस तो बोलला नाही. त्या चार दिवसांत निरीक्षणाच्या वहीत मी त्याच्याबद्दल काही लिहू शकले नाही, नुसती तारीख टाकून पान कोरं ठेवलं. पाचव्या दिवशी ग्रंथालयात माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसला. "कंधार," म्हणाला, "वार्षिक पाठ मी किल्ल्यावर घेऊन राहिलो. फोटो मला स्वतः काढायचे हायेत. तुझ्या गावी किल्ला हाय. तू सांगायचं, करायचं न्हाई. जमंल?"

सुट्टीत तो नांदेडहून एसटीनं कंधारला आला. तरण्या पोरीला एकटं कसं पाठवायचं म्हणून आई आमच्यासोबत निघाली. किल्ला आमच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ, पण आई कित्येक वर्षांत आत गेली नव्हती. सुरुवातीला ती त्याला "बाळा, पायरी हाय, बाळा, दगड हाय" करत होती. थोड्या वेळानं तोच तिला हाक मारू लागला, "मावशी, इथं हात लावून पाहा, दगड कसा गुळगुळीत झालाय. किती माणसं टेकली असतील." आणि आई खरंच हात लावून पाहू लागली. मी तिला इतक्या कुतूहलानं बघताना कधी पाहिलं नव्हतं.

एका दरवाजापाशी भिंत चाचपता चाचपता त्याचा हात आत गेला, पार कोपरापर्यंत. "कंधार, हे काय हाय?" मी वाकून पाहिलं, दगडात चौकोनी खोल भोक होतं. मला काही उमगलं नाही. आईनं हात घातला आणि म्हणाली, "अरे, ही अडण्याची जागा. दार लावलं की आडवं लाकूड सरकवायचं, दार उघडायचं झालं की ते ह्या भोकात ढकलायचं. माझ्या माहेरच्या दाराला होतं." तो इतका खुश झाला, की आईला म्हणाला, "मावशी, हात तसाच ठेवा," आणि फोटो काढला. त्या दिवशी त्यानं चाळीसेक फोटो काढले. कित्येकांत नुसतं आभाळ आलं, काहींत त्याचंच बोट. कोणत्यात काय आलंय ते मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो एकेक खोडत गेला. मला एकही पुसू दिला नाही.

वार्षिक पाठाला बाहेरगावचे परीक्षक आले होते. सातवीचा वर्ग, तीच मुलं. कुजबुज सुरू झालीच, कुणीतरी "कुंभारीण" म्हणालं. रेडिओनं ते ऐकलं. पाठाचं टाचण टेबलावर ठेवलं आणि सरळ बोलायला लागला. "मागच्या वेळी तुम्ही हसलात, आन् मला कळलंच न्हाई का हसलात. मला पडदा दिसत न्हाई. मी बटण दाबीन, पडद्यावर काय हाय ते तुम्ही मला सांगायचं. चुकीचं आलं तर आधी सांगायचं, मग खुशाल हसायचं."

मग त्यानं बटण दाबलं.

"सर, दरवाजा हाय!"

"कसला? घरासारखा?"

"न्हाई सर, लई उंच. हत्ती जाईल एवढा."

"वाकडा आलाय सर," पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला. "फोटो आडवा पडलाय."

"माझा हात तिरपा झाला असंल. मान वाकडी करून पाहा." आख्ख्या वर्गानं माना वाकड्या केल्या. परीक्षकांनीही केली, मी पाहिलं.

मग ते भोक आलं. काळंकुट्ट, अंधूक, आणि त्यात हिरव्या बांगड्यांचा माझ्या आईचा हात. मुलं बाकांवरून उठलीच. साप असेल, खजिना असेल, तोफ ठेवायची जागा असेल. तो प्रत्येकाला विचारत होता, "कशावरून? तोफेला एवढुसं भोक पुरंल का? हात किती आत गेलाय? भोक दाराच्या कोणत्या बाजूला हाय?" मुलं पडद्याजवळ जाऊन बघून येत होती, एकमेकांशी वाद घालत होती. शेवटी खिडकीजवळची एक मुलगी, जी मागच्या पाठात एकदाही बोलली नव्हती, हळूच म्हणाली, "सर, आमच्या आजीच्या दाराला असं हाय. आडवं लाकूड घालायचं असतंय."

रेडिओनं तिच्या आवाजाकडं तोंड वळवलं. "तुझं नाव काय?" तिनं सांगितलं. "आता पुढचं तू सांग. शत्रू दारावर आला तर ह्या लाकडाचा काय उपयोग?" आणि ती उभी राहून सांगू लागली.

परीक्षकांनी नंतर त्याला विचारलं, "चित्र इतकं अस्पष्ट होतं. इंटरनेटवर चांगली चित्रं मिळाली असती की?"

"मिळाली असती सर," तो म्हणाला. "पण त्यांच्याबद्दल मला काही ठावं नसतं. ह्या भोकात माझा हात गेलेला हाय."

गुण मध्यमच पडले. 'चित्रांचा दर्जा सुधारावा' असा शेराही होता. मॅडमनी तो त्याला वाचून दाखवला, तेव्हा तो हसत म्हणाला, "बरोबर लिहिलंय." मॅडमनाच तो शेरा लागला. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्या म्हणे त्याच्याच पाठाचं उदाहरण देत होत्या.

निकालानंतर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. मला लोह्याजवळच्या एका शाळेत नोकरी लागली. तिथं वर्गात मोठा टीव्ही आहे. त्याच्या वायरी मी मुलांनाच जोडू देते. दहा मिनिटं जातात, कधी उलटी जोडतात, मी हात पाठीमागे बांधून उभी राहते. त्याला मात्र लवकर काही मिळालं नाही. एका संस्थेत मुलाखतीला विचारलं, "फळ्यावर कसं लिहिणार?" हा म्हणाला, "पोरं लिहितील, त्यांचं अक्षर सुधरंल." घेतलं नाही. हे सांगताना तो फोनवर हसत होता, पण मधेच म्हणाला, "कंधार, जरा बेजार झालोय." त्याच्या तोंडून तसलं वाक्य मी ते एकदाच ऐकलं. दोन वर्षं त्यानं बागेत केळीच्या घडांची मोजदाद केली आणि परीक्षा देत राहिला.

गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन चारच दिवस झाले असतील, मधल्या सुट्टीत मी डबा उघडत होते आणि त्याचा फोन आला. देगलूरच्या पलीकडे एका निवासी शाळेत तो रुजू झाल्याचं मला उडत उडत कळलं होतं, त्याच्याकडून कळलं नव्हतं. मी रागानं म्हणाले, "काय रे, सांगितलं न्हाईस?"

"ऐक," तो म्हणाला, आणि पुढं काही बोललाच नाही.

मला आधी कळेना. मग फोनमधून गलका येऊ लागला. चाळीस-पन्नास पोरं एकदम बोलत होती, अर्धं मराठी, अर्धं तेलुगू. बाक सरकत होते, कुणीतरी कुणाची तक्रार सांगत होतं, कुणी खिडकीपाशी काय दिसतंय ते ओरडून कळवत होतं. आणि त्या सगळ्यातून एक बारीक आवाज पुन्हा पुन्हा हाक मारत होता, "सर, ओ सर!"

मी डब्याचं झाकण हातात धरून ऐकत राहिले.

"चल, ठेवतो," रेडिओ म्हणाला. "मला बोलवून राहिलेत."