पंखाचं गाऱ्हाणं

डिचोलीच्या फायबरच्या शेडमध्ये मी कितीतरी वर्षं होड्या केल्या. साच्यात काचेच्या धाग्याची मॅट अंथरायची, वर रेझिन लावायचं, रोलर फिरवून हवा काढायची. अंगाची मेली खाज जेवतानाही पाठ सोडायची नाही. होडी साच्यातून सुटली की नारळ फुटायचा आणि आमचे मेस्त, म्हणजे सावंतवाडीकडचे म्हातारे मुख्य कारागीर, बसणाऱ्याला सुखरूप घरी आण म्हणून देवाला गाऱ्हाणं घालायचे: "जो कोण हिच्यात बसतलो, तेका सुखरूप घराक हाड रे महाराजा!" आम्ही सगळे ओरडायचो, "व्हय महाराजा!"

मग एकदा मालकांनी सैन्याच्या कामाची ऑर्डर आणली. लांबलचक पंख, मधलं अंग, शेपूट. मी सगळा साचा धुंडाळला, बसायला जागाच नाही!

"अहो, माणूस बसणार कुठं?" मी तपासायला आलेल्या इंजिनियरला विचारलं.

"माणूस लागतच नाही, ताई. आधीची ड्रोन विमानं नुसती वरून बघायची. हे बघतं आणि टाकतंही."

काय टाकतं, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

पहिला पंख सुटला, नारळ फुटला. मेस्तांनी हात जोडले, "जो कोण ह्याच्यात..." म्हणाले आणि अडकले. आत कोणीच नाही, मग मागायचं कोणासाठी? मला मात्र लगेच सुचलं. माझा धाकटा भाऊ तेव्हा सीमेवर होता. वरून नीट दिसलं तर त्याला पुढं जाऊन बघावं लागणार नाही, एवढंच मला कळत होतं. "मेस्त, ह्याला नीट दिसू दे म्हणा की!" ते तसं म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्यानं 'व्हय महाराजा' मी म्हटलं.

रविवारी भावाचा फोन आला. मी हौसेनं सगळं सांगितलं.

"बाय, असलीच आमच्या डोक्यावर घरघरतात. आपलं की पलीकडचं, खालून कळत नाही. आवाज आला की असू तिथं आडवे होतो."

"आगे बाय! पलीकडेही आहेत?"

"मग? आपल्यालाच करता येतात काय?"

म्हणजे तिकडेही शेड असणार. तिथंही कोणी बाई हात खाजवत रोलर फिरवत असणार, तिलाही भाऊ असणार. तिनं काय मागितलं असेल? तेच ना! मला असा राग आला. इंजिनियरचा, तिचा की माझा स्वतःचा, ते आजही सांगता येत नाही.

दुसरा पंख सुटला. मेस्तांनी नारळ फोडून माझ्याकडे बघितलं. "ताच, 'नीट दिसू दे' म्हणू मां?"

मला हो म्हणवेना, नको म्हणवेना. बाईनं गाऱ्हाणं घालायची आमच्यात रीत नाही, तरी मीच हात जोडले.

"महाराजा, माझ्या भावाच्या डोक्यावर ढग असू दे."

इंजिनियर माझ्याकडे बघतच राहिला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मग मेस्त एकटेच हळू म्हणाले, "व्हय महाराजा."