नेल्दाच्या वहीतली अर्धीच वाक्यं

नेल्दा आणि मी चिलीतल्या वाल्दिव्हिया शहरात एकाच खोलीत राहायचो, नदीपासून दोन गल्ल्या वर. ती चिलोए बेटावरची. तिचा मोठा भाऊ जन्मापासून बहिरा. बेटावर त्याला शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून ही विद्यापीठात विशेष शिक्षणाच्या पदवीला आली. शेवटच्या वर्षी सरावासाठी आम्हा दोघींना एकच शाळा मिळाली आणि मार्गदर्शक म्हणून ग्लादिसबाई. बावीस वर्षांचा अनुभव, आवाज मऊ. आम्हाला त्या देवासारख्या वाटायच्या.

नेल्दाच्या वाट्याला मिलाराय आली. नऊ वर्षांची स्वमग्न मुलगी, बोलत नसे. घंटा झाली की टेबलाखाली जाऊन मनगट चावायची. पहिले अकरा दिवस नेल्दा तिच्या शेजारी टेबलाखालीच बसली. बाकीची पोरं हसायची, "दोघी मांजरी बघा!" बाराव्या दिवशी मिलारायनं चित्रांच्या पत्त्यांतून पाण्याच्या पेल्याचा पत्ता उचलून नेल्दाच्या हातात दिला. त्या संध्याकाळी नेल्दानं मला रस्त्यावरच घट्ट मिठी मारली.

मिलारायची आई एर्मिंदा नदीकाठच्या बाजारात मासे विकायची. ती नेल्दाला घरी बोलवून धुरावलेला मासा आणि बटाटे वाढायची. नवरा कसा सोडून गेला, पोर रात्रभर कशी जागते, सगळं सांगायची. "तुझ्यापाशी बोललं की हलकं वाटतं, पोरी," म्हणायची.

ग्लादिसबाईंनी नेल्दाला रोजची निरीक्षणं लिहायला सांगितली होती. "वाईट दिवस तर जरूर लिही. त्यातूनच शिकशील. वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही." नेल्दानं सगळं लिहिलं. 'आज चावली. घंटेआधी कानावर हात ठेवायला शिकवलं, तेव्हा चावली नाही.' 'आज वर्गाबाहेर पळाली. दारापाशी थांबले, दहा मिनिटांत स्वतःहून परत आली.'

नोव्हेंबरात मुख्याध्यापकांनी बैठक बोलावली. एर्मिंदा बाजारातून थेट आलेली, हाताला माशांचा वास, केस ओले करून विंचरलेले. तिला वाटलं, मुलीचं कौतुक होणार. मुख्याध्यापकांनी कागद उचलला आणि वाचू लागले, "सात ऑगस्ट, चावली. एकोणीस ऑगस्ट, वर्गाबाहेर पळाली. तीन सप्टेंबर, दोन तास शांत झाली नाही." शेवटी म्हणाले, "मिलारायला या शाळेत ठेवता येणार नाही. ही निरीक्षणं सराव-शिक्षिका नेल्दा यांची आहेत."

नेल्दा उठली. "सर, प्रत्येक ओळीला पुढची ओळ आहे. ती वाचा ना!"

"नेल्दा, बस खाली," ग्लादिसबाई त्याच मऊ आवाजात म्हणाल्या. "आता तुझ्या बोलण्याची वेळ नाही."

एर्मिंदा नेल्दाकडे बघत राहिली. "मी तुला घरात घेतलं होतं," एवढंच म्हणाली.

ग्लादिसबाईंनी तिच्यासमोर एक कागद सरकवला. तिनं सही केली आणि निघून गेली.

बाहेर व्हरांड्यात नेल्दानं बाईंना गाठलं. "तुम्ही म्हणालात, कुणी वाचणार नाही!"

"माझ्याकडे अडतीस मुलं आणि मदतीला एकही शिक्षक नाही. कुणाला तरी सोडावंच लागतं. चांगली शिक्षिका व्हायचंय ना? मग हेही शिक."

"मी तुम्हाला मानत होते, बाई."

"मलाही कुणीतरी असंच शिकवलं होतं," म्हणून त्या वर्गात गेल्या.

दुसऱ्या दिवशी नेल्दा वहीची पूर्ण प्रत घेऊन बाजारात गेली. ती प्रत शिक्षण कार्यालयात देऊन दाद मागता आली असती. एर्मिंदा गिऱ्हाइकाचा मासा साफ करत होती, सुरी थांबली नाही. "तुझ्या कागदांनी व्हायचं ते झालं. जा."

नेल्दानं स्वतःच तक्रार केली. उत्तर फेब्रुवारीत आलं: आईनं मुलीला स्वखुशीनं शाळेतून काढल्याची सही आहे, त्यामुळे काही करता येणार नाही. त्या दिवशी पुढे सरकवलेला कागद तोच होता. तो काय आहे, हे एर्मिंदाला कुणी सांगितलंच नव्हतं. मिलाराय आता दोन बस बदलून लांबच्या शाळेत जाते.

ग्लादिसबाईंनी नेल्दाला सरावात नापास केलं. शेरा होता, 'व्यावसायिक संयमाचा अभाव'. नेल्दानं वर्ष पुन्हा केलं, दुसऱ्या शाळेत. आता ती बेटावर शिकवते. मुलाबद्दल लिहिलेलं प्रत्येक पान आधी त्याच्या आईला वाचून दाखवते, मगच ते शाळेच्या हाती देते. कामाला दुप्पट वेळ लागतो, म्हणून वरिष्ठ कुरकुरतात.

त्या बैठकीत मीही होते. नेल्दाची वही मी रोज वाचायचे. पुढच्या ओळी मला पाठ होत्या. नेल्दानं एकदा माझ्याकडे वळून पाहिलं, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. ग्लादिसबाईंनी मला उत्तम गुण दिले.

नेल्दा माझ्यावर कधी चिडली नाही. सामान बांधताना फक्त म्हणाली, "बाईंचं मला कळलं. तुझं नाही कळलं."